वाचकांचे प्रश्न : नॅनो तार, नामजप आणि दिवेघाट

प्रश्न : माझी मुलगी नॅनो रेझोनेटरवर, म्हणजे ठरावीक वारंवारतेला थरथरणाऱ्या अतिसूक्ष्म तारांवर, पीएच.डी. करते. जवळची कंपनं एकमेकांत मिसळतात, हे तिच्याकडूनच ऐकलं होतं. नामस्मरणाची कंपनंही अशीच शरीरात मिसळत असणार, असं मी भजनी मंडळात सांगितलं, तर ती माझ्यावर चिडली. पण दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढते तीच! मग तिची श्रद्धा बुद्धीला धरून आहे का? आणि मोबाइलच्या थरथरीने देव्हाऱ्यातल्या तीर्थावर परिणाम होतो का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मुलगी चिडली ते रास्तच आहे. कंपनं नुसती शेजारी आहेत म्हणून मिसळत नाहीत. घरात एक दोरी आडवी बांधा, तिला सारख्या लांबीच्या सुतळीने दोन सारखी कुलुपं टांगा आणि एकालाच झोका द्या. हळूहळू ते थांबतं, दुसरं डोलू लागतं, मग उलट. आता एकाची सुतळी निम्मी करा. देवाणघेवाण जवळपास बंद!

अशा संशोधनात पुष्कळदा सिलिकॉन नायट्राइडची तार वापरतात, केसाच्या शंभराव्या भागाहून बारीक. ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते, वरखालीही आणि आडवीही. शेजारच्या इलेक्ट्रोडचा विद्युतदाब बदलत या दोन्हींच्या वारंवारता जवळ आणल्या, की विद्युतदाबानुसार वारंवारता दाखवणाऱ्या आलेखावरच्या दोन रेषा एकमेकींना छेदतील असं वाटतं. छेदत नाहीत. जवळ येतात आणि वळून लांब जातात. ऐन वळणावर दोन्ही कंपनं तिरकी झालेली असतात, कुठलं वरखालीचं आणि कुठलं आडवं हे सांगता येत नाही. रेषांमध्ये उरलेली फट म्हणजे कपलिंगचं, दोन कंपनं एकमेकांशी किती जोडलेली आहेत याचं, माप. तुमच्या मंडळातल्या विधानात ही फट कुठेच नाही: कशाचं कंपन, कशाशी, किती वारंवारतेला? नामजपाने मन शांत होत असेल तर होऊ द्या की, त्याला नॅनो तारेची साक्ष कशाला?

आता दिवेघाट. पुण्यात श्रद्धा आणि बुद्धीचा हा वाद जुना आहे. फर्ग्युसनमध्ये बुद्धिवादी रँग्लर परांजपे प्राचार्य होते, तेव्हाच नामस्मरण मानणारे गुरुदेव रानडे तिथे तत्त्वज्ञान शिकवत होते. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणं केव्हाही, कुणालाही गैरच, असं क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली लिहिलं. 1896 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने त्याला उत्तर दिलं: प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, टाळता येत नाही आणि पुराव्याने सुटतही नाही, तिथे मनाचा कौल घेणं गैर नाही. माझ्या मते जेम्सने दिलेली वाट खरी, पण फार अरुंद. अंगाऱ्याने ताप उतरतो की नाही, हे तपासता येतं. तिथे क्लिफर्डचंच ऐकायचं. विठ्ठलावर भरवसा ठेवून जगावं का, याचा निकाल कुठलंही उपकरण देत नाही. तिथे तुमची मुलगी वारीत चालली तर तिने बुद्धी गहाण टाकली असं मी म्हणणार नाही. अर्थात जेम्सने परवानगी दिली आहे, पुरावा नव्हे. उद्या ‘विठ्ठलाने माझं रीडिंग बरोबर आणलं’ असं ती म्हणाली, तर तिच्या गाइडने तिला जरूर फैलावर घ्यावं.

तीर्थाचं म्हणाल, तर मोबाइल जवळ ठेवलात की पाण्यावर बारीक लहरी उठतील. एवढंच. फक्त तो पाण्यात पडू देऊ नका.