गुहेची भिंत ओली का? पाझर, घाम आणि दव

प्रश्न असा आहे की गुहेतल्या हवेवरच्या एका लेखाचं भाषांतर चाललंय, त्यात 'कंडेन्सेशन'ला, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होण्याला, संघनन म्हणायचं का सांद्रीभवन, आणि एवढे जड शब्द टाळून सरळ 'भिंती पाझरतात' लिहिलं तर चालेल का.

शेवटचं आधी घेतो. पाझरतात नको, अजिबात नको. पाझर म्हणजे खडकाच्या आतून येणारं पाणी, आणि इथे पाणी हवेतून येऊन भिंतीवर बसतंय. तुम्ही म्हणाल ओलं ते ओलंच, पण चुनखडीच्या गुहेत दोन्हींचं काम बरोब्बर उलटं असतं. पाझरून येणारं पाणी वाटेत चुना विरघळवून आणतं, गुहेत आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना मागे राहतो, त्याचेच लवणस्तंभ होतात (लवण कुठलं त्यात, पण शब्द रुळलाय). हवेतून बसलेलं पाणी मात्र जवळजवळ डिस्टिल्ड वॉटर, वर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्लधर्मी झालेलं, ते भिंतच खातं. म्हणजे एक शब्द चुकला की वाचकाला वाटणार गुहा घडतेय, आणि लेखक सांगतोय की ती झिजतेय.

मग 'भिंतीला घाम सुटतो'? ऐकायला छान आहे आणि गार पाण्याच्या तांब्याबद्दल आपण म्हणतोही, पण घामही आतूनच येतो ना, परत तोच घोळ. मला 'धरणे' हे क्रियापद आवडतं. भिंतीने ओल धरली, काचेवर वाफ धरली, दव धरलं. यात पाणी बाहेरून आलंय हे आपोआप कळतं. 'दव पडलं' म्हणतो तेव्हा ते वरून पडल्यासारखं वाटतं, दव काही पडत नाही, जागच्या जागी धरतं.

आता परिभाषा. संघनन बरोबर आहे, पण मराठी कानाला 'घन' म्हटलं की ढग तरी आठवतो नाहीतर घट्ट पदार्थ, आणि वाफेचा बर्फ झाला की काय असं वाटतं. सांद्रीभवन भूगोलाच्या पुस्तकातून सगळ्यांना माहितीय, मी तोच घेईन. संद्रवण हाही शब्द आहे, अर्थाने खरं तर सगळ्यात नेमका, द्रव होणे, पण फारसा चालत नाही.

खरी फसगत 'दवबिंदू'त आहे. तो दवाचा थेंब नाही, तापमान आहे, हवा तेवढी गार झाली की दव धरायला लागतं; गोठणबिंदूतला बिंदू तसा. पहिल्यांदा 'दवबिंदू तापमान' लिहा, नाहीतर 'दवबिंदू १६ अंशांच्या वर गेला' वाचून लोक थेंबाला थर्मामीटर लावतील. अंदाज बांधायचं सगळं गणितही इथेच आहे: हवेचं दवबिंदू तापमान भिंतीच्या तापमानाहून जास्त असेल तर पाणी धरणार, कमी असेल तर भिंत सुकणार. उदाहरणार्थ बाहेर ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर दवबिंदू तापमान साधारण २१ अंश येतं, ती हवा १६ अंशांच्या गुहेत शिरली की दर घनमीटरमागे चार-पाच ग्रॅम पाणी सोडते. हिवाळ्यात गार हवा आत येऊन तापते, मग तीच भिंत कोरडी पडते.

पण किती पाणी धरेल हे सांगणं अवघड, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, भिंतीचा पृष्ठभाग तापतो आणि पुढचं सांद्रीभवन मंदावतं, मग सगळं खडक ती उष्णता किती लवकर आत ओढून घेतो यावर येतं. मोजणंही कटकटीचं. गुहेत खोल आर्द्रता १०० टक्क्यांच्या आसपास असते, तिथे आर्द्रतामापक तीन टक्के चुकला तरी दवबिंदू तापमानात अर्ध्या अंशाचा फरक पडतो, आणि हवा-भिंतीतला फरकच मुळी अंशाच्या काही दशांशांचा असतो. म्हणून कधीकधी भिंतीवरचं पाणी शोषकागदाने टिपून वजन करतात. तिथे 'टिपणे' वापराच, 'पुसणे' नको, पुसलं की मोजायला काही उरत नाही.

लेखात 'प्रेडिक्शन' येईल त्याला भाकीत म्हणू नका, ज्योतिषाचा वास येतो. पूर्वानुमान चालेल, मी 'अंदाज' लिहीन.