नावांच्या जागी आपलाच लोगो!

प्रश्न : काका, वडिलांचा फोटो स्टुडिओ आता मी बघते. लग्नांच्या लाइव्हसाठी एटीईएम मिनीवर (कॅमेरे बदलायच्या स्विचरवर) मॅक्रो, म्हणजे एका बटणात बांधलेली हुकमांची मालिका, केला. बटण दाबलं की वर-वधूच्या नावांची पट्टी येते, आठ सेकंद राहते आणि जाते. घरी दहा वेळा चालला. अक्कलकोट रोडच्या कार्यालयात मात्र नावांऐवजी आमच्या स्टुडिओचाच लोगो आला आणि चार सेकंदांत गेला. मशीन बिघडलं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही गं पोरी, मशीन ठणठणीत आहे. लोगोची तेवढी फुकट जाहिरात झाली म्हणायची!

रेकॉर्ड दाबल्यावर तू जे जे बदलतेस, तेवढंच मॅक्रो लिहून घेतो. जे आधीपासूनच तसं आहे, ते त्याच्या खिजगणतीत नसतं. घरी मीडिया प्लेअरवर (मिनीत साठवलेली चित्रं दाखवणाऱ्या भागावर) नावांची पट्टी आधीच निवडलेली होती. तिला हात लावायची वेळच आली नाही, म्हणून 'ही पट्टी निवड' हा हुकूम मॅक्रोत गेलाच नाही. कार्यालयात तू सुरुवातीला लोगो लावला असशील. मॅक्रोने समोर होतं ते दाखवलं.

म्हणून रेकॉर्डिंगआधी सगळं मुद्दाम विस्कटून ठेवायचं. मीडिया प्लेअरवर लोगो निवड, 'डाउनस्ट्रीम की' (कॅमेऱ्याच्या चित्रावर पट्टी चढवणारा थर) ऑन एअर, म्हणजे चालू ठेव. ट्रान्झिशनचा, म्हणजे पट्टी उमटायचा वेळ एक सेकंद हवा असेल तर आधी दोन कर. मग रेकॉर्ड दाब आणि एकेक जागेवर आण : डाउनस्ट्रीम की बंद, वेळ एक सेकंद, नावांची पट्टी निवड, ऑटो (पट्टी आणायचं-न्यायचं बटण), पॉज, पुन्हा ऑटो. डाउनस्ट्रीम की आधी बंद करायचं कारण म्हणजे ऑटो हे बटण उलटापालट करतं. पट्टी आधीच पडद्यावर असली तर पहिल्याच ऑटोला ती निघून जाते. आणि मॅक्रो चालू असताना मध्ये स्वतः ऑटो दाबू नकोस.

पॉज 'अ‍ॅड पॉज'मधूनच टाकायचा. रेकॉर्ड करताना तू कितीही वेळ थांबलीस तरी तो धरला जात नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात एका स्नेहसंमेलनाला मी पॉजच विसरलो होतो. नाव पडद्यावर आलंच नाही आणि मी आपला केबल हलवत बसलो. शिवाय पट्टी उमटायचा एक सेकंद पॉजमध्येच धरला जातो. पूर्ण आठ सेकंद हवे असतील तर नऊचा पॉज दे.

आता आठाचे चार कसे झाले? पॉज साठवला जातो तो फ्रेममध्ये. घरी सेकंदाला २५ फ्रेमवर (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र) आठ सेकंद म्हणजे २०० फ्रेम, आणि ५० फ्रेमवर त्याच २०० फ्रेम चार सेकंदांत संपतात. मिनीला फॉर्मॅट आपोआप ओळखायला ठेवलं असलं की पहिला जोडलेला कॅमेरा ज्या फॉर्मॅटचा, तोच ती धरते. तिथे कोणीतरी ५० वाला कॅमेरा आधी जोडला असणार. सेटिंगमध्ये जाऊन फॉर्मॅट स्वतः ठरवून ठेव.

आणखी एक. मॅक्रोला चित्राचं नाव कळत नाही, जागेचा नंबर कळतो. आपल्याकडे एकाच लग्नात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन पट्ट्या लागतात. त्यांच्या जागा कायमच्या ठरव, म्हणजे एक मराठी, दोन तेलुगू, तीन कन्नड. दर लग्नाला त्याच जागी नवी चित्रं टाक, मॅक्रोला हात लावू नकोस. झाल्यावर सॉफ्टवेअरच्या फाइल मेनूतून मॅक्रोसकट सेव्ह करून ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेव.

आणि पट्टी पहिल्या मंगलाष्टकाच्या आधीच दाखव. अक्षता उडायला लागल्या की नावं कोण वाचतंय!