न्यूयॉर्क मेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या आर. ए. डिकीच्या २०१२च्या हंगामाचं कस्टम कार्ड मराठीत करायचं आहे. काय छापू आणि प्रेसला फाईल कशी देऊ?

नकलबॉल टाकणाऱ्या पिचरला (बेसबॉलमधल्या गोलंदाजाला) साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला, तो त्या वर्षी डिकीच्या रूपाने पहिल्यांदाच. म्हणून ट्रॉफीचा फोटो नको, पकडीचा घ्या: तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं चेंडूच्या कातड्यात रोवलेली. त्या पकडीने चेंडू जवळजवळ फिरतच नाही आणि हवेत कसाही डुलतो. इतरांचा नकलबॉल बहुधा ताशी ६५-७० मैलांचा, डिकीचा साधारण ७७चा.

मागच्या बाजूला: न्यूयॉर्क मेट्स, २० विजय, ६ पराभव, ईआरए २.७३, स्ट्राइकआउट २३०, डाव २३३.२. (ईआरए म्हणजे दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा; स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज.) डावांचा आकडा जपा. त्यातला .२ हा दशांश नाही, डावातल्या तीनपैकी दोन बाद आहेत, आपल्या १९.२ षटकांसारखंच. मजकूर तपासणारा हमखास २३३.६७ करून ठेवतो. जागा उरली तर एवढं टाका: मेट्सनी वर्षभरात जिंकले ७४ सामने, त्यांतले २० याच्या नावावर. जूनमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत एकेकच हिट (फटका मारून फलंदाजाने बेस गाठणं) दिली, तेही चालेल, पण मी पहिलंच घेईन. मराठी कार्डावर मुंबईचा धागाही शोभेल: जानेवारी २०१२मध्ये तो किलिमांजारो चढला, तो मुंबईत मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला निधी मिळावा म्हणून.

कार्डाचं माप २.५ × ३.५ इंच. चारही बाजूंना ⅛ इंच ब्लीड (कापून टाकायचा जादा भाग) धरून फाईल २.७५ × ३.७५, ३०० डीपीआयला ८२५ × ११२५ पिक्सेल. मजकूर कटिंगपासून ⅛ इंच आत. कडेला बारीक चौकट टाळा, कटिंग मिलिमीटरभर सरकलं तरी चौकट एकीकडे जाड दिसते. कागद ३०० ते ३५० जीएसएम आर्ट कार्ड. लॅमिनेशन दोन्ही बाजूंना; एकाच बाजूला केलं तर कार्ड वाकतं.

मेट्सचा निळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) जांभळट उतरतो. मॅजेंटा (गुलाबी) शाईचा टक्का सायन (निळ्या) शाईच्या टक्क्यापेक्षा निदान ३०ने कमी ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ देवनागरीचा. प्रेसच्या मशीनवर फॉन्ट नसला की ‘स्ट्राइकआउट’मधला ‘स्ट्रा’ फुटतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. पीडीएफ करण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत) बदला, पण मूळ फाईल वेगळी ठेवा, कारण कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. मग त्याच कागदावर एक प्रूफ काढून घ्या आणि आधी २३३.२ बघा.