गरज आराखड्यात लिहिली आहे का?

अमेरिकेत ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींच्या प्रवासासाठी केंद्र सरकार ‘कलम ५३१०’ खाली पैसे देतं. पण ज्या कामाला पैसे हवेत, ते स्थानिक ‘समन्वित वाहतूक आराखड्या’त बसावं लागतं. त्याबद्दल आलेल्या काही पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासऱ्यांचं डायलिसिस पहाटे असतं आणि व्हॅन सुरू होते आठला. तक्रार कुठे करू?

आधी एक बघा. सासऱ्यांना मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर उपचारांसाठी ने-आण करणं ही मेडिकेडचीच जबाबदारी आहे. आराखड्याची वाट बघत बसू नका. नुसतं मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर सहसा ही सोय मिळत नाही, आणि मग आराखड्याकडेच वळावं लागतं. त्यात सध्याच्या सेवा, लोकांच्या गरजा, मधली तफावत भरण्याचे उपाय आणि आधी काय करायचं याचा क्रम, एवढं असावंच लागतं. तो करताना ज्येष्ठांना आणि अपंगांना सहभागी करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे आराखड्याच्या बैठकीला जा, सासऱ्यांनाही न्या.

मात्र तिथे ‘ज्येष्ठांची फार गैरसोय होते’ असं म्हणू नका. सगळे मान डोलावतात आणि पुढचा विषय घेतात. ‘आठवड्यातून तीन दिवस साडेपाचला अमुक केंद्रावर पोचायचं असतं, व्हॅन आठला निघते, आमच्या वसाहतीत असे चौघे आहेत’ असं सांगा आणि लेखीही द्या. आराखड्यात उतरतं ते असं वाक्य.

प्रश्न: आमच्या मंडळाला व्हॅन घ्यायची आहे. आराखड्यात मंडळाचं नाव नाही. अर्ज बाद होईल का?

नाव नसलं तरी चालतं. तुमचं काम आराखड्यातल्या एखाद्या नोंदलेल्या गरजेवरचा किंवा ठरवलेल्या उपायावरचा इलाज असलं की पुरे. अर्जात त्या पानाचा हवाला द्या. फक्त ‘मराठी ज्येष्ठांसाठी’ असं लिहू नका. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या सेवेत वंश किंवा मूळ देश पाहून भेद करता येत नाही.

आणि व्हॅनच का? दुसऱ्या संस्थेकडून कंत्राटाने फेऱ्या विकत घेतल्या तर तोही भांडवली खर्च धरतात. त्यात केंद्राचा वाटा ८० टक्क्यांपर्यंत असतो. सेवा चालवण्याच्या खर्चात ५० टक्क्यांपर्यंत. उरलेल्या वाट्यात प्रवाशांकडून घेतलेलं भाडं दाखवता येत नाही; मेडिकेडसारख्या, परिवहन खात्याबाहेरच्या केंद्रीय योजनांचे पैसे मात्र चालतात. व्हॅनचा अर्ज उत्साहात भरला जातो. गणपती झाल्यावरही रोज सकाळी ड्रायव्हर कोण आणि ब्रेकचं बिल कोण भरणार, हे आधी ठरवा.

प्रश्न: एका संस्थेची व्हॅन दुपारभर उभी असते, शेजारच्या संस्थेकडे गाडीच नाही. विचारलं तर ‘आमचा निधी वेगळा’ म्हणतात.

हे दुखणं जुनं आहे. २००३ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षकांनी मोजलं, तेव्हा लोकांच्या प्रवासावर खर्च करणाऱ्या केंद्राच्या ६२ योजना निघाल्या. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढून खात्यांची समन्वय परिषद नेमली आणि २००५ च्या कायद्याने आराखडा सक्तीचा केला.

म्हणजे एकत्र वापराला नियमांची आडकाठी नाही, उलट प्रोत्साहन आहे. प्रवाशांच्या सेवेत खंड पडणार नसेल तर ५३१० च्या गाडीतून घरी असलेल्या वृद्धांना जेवणाचे डबेसुद्धा पोचवता येतात. घोडं अडतं ते विम्यावर: एकाची गाडी, दुसऱ्याचा ड्रायव्हर, आणि अपघात झाला तर पॉलिसी कुणाची? मग पेट्रोल, देखभाल आणि फेऱ्यांचा हिशेब. म्हणून नुसत्या सद्भावनेवर बोलणी नेऊ नका. विमा एजंटला पहिल्याच बैठकीला बोलवा आणि करार लेखी करा. हे सगळं जुळवून आणायला पगारी ‘मोबिलिटी मॅनेजर’ नेमता येतो. त्याचा खर्चही भांडवलीच धरतात. माझ्या मते लहान संस्थांनी गाडीआधी हा माणूस मागावा.

प्रश्न: आराखडा किती वर्षांनी बदलतो?

हवेच्या गुणवत्तेचे निकष न पाळणाऱ्या किंवा नुकतेच पाळू लागलेल्या भागांत किमान चार वर्षांनी, इतरत्र पाच. मुखपृष्ठावरचं साल बघा. न्यू जर्सीत या निधीचं काम एनजे ट्रान्झिट, म्हणजे राज्याची सार्वजनिक वाहतूक संस्था, पाहते. आपल्या काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) पुढची बैठक कधी, हे काउंटीच्या वाहतूक विभागाला फोन करून विचारा. दुभाषा लागणार असेल तर त्याच फोनवर सांगून ठेवा.