तुमची गाडी, तुमचे प्रश्न: ओम्नी ओरडतेय, पण चढत नाही

प्रश्न (खानापूर तालुका): काका नमस्कार. माझी ओम्नी २००३ची आहे, पेट्रोल. आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन गोव्याला जातोय. परवा परत येताना, मागं नारळाची पोती होती, चोर्ला घाट चढताना एक्सलेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी काय सरकंना, वर जळका वास. गॅरेजवाला म्हणतोय क्लच गेला, दोन दिवस गाडी सोडा. मी आणि मेव्हणा मिळून अंगणात बदलला तर जमंल काय? पाने आहेत, एक जॅक आहे, खड्डा नाही. मेव्हण्यानं मोटरसायकलचे क्लच बदललेत.

उत्तर: जमंल की. पण आधी खोलायचीच गरज आहे का ते बघा. सपाट जागेवर हँडब्रेक कच्च ओढा, चाकांना दगड लावा, गाडीसमोर कुणाला उभं करू नका, इंजिन चालू करून चौथा गिअर टाका आणि थोडा एक्सलेटर देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर क्लच धरतोय. पाय पूर्ण काढला तरी इंजिन आपलं फिरतंच आहे म्हणजे क्लचची प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारी चकती) घसरतेय. हे एकदाच करायचं, पाचपाच वेळा करून उरलेली प्लेट पण जाळू नका.

घसरतेय म्हणून लगेच प्लेट संपली असंही नाही. ओम्नीला क्लचची केबल असते, ती कुणीतरी ताणून ठेवली असली तर पेडलला मोकळा खेळच राहत नाही, म्हणजे तुम्ही पाय ठेवला नाही तरी क्लच थोडा दाबलेलाच, मग नवी कोरी प्लेट असली तरी घसरणारच. आधी केबल ढिली करून बघा, फुकटचं काम आहे. तेवढ्यानं भागलं नाही तर मग खोला.

आता खड्डा नाही म्हणताय, हरकत नाही, पण एका जॅकवर अजिबात नको. आपल्याकडं अंगणात जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात आणि कुणीतरी म्हणतंच, लाव की दोन चिरे खाली. नको! चिरा दिसायला दणकट, पण एका कोपऱ्यावर वजन आलं की भुगा होतो आणि खाली तुम्ही असता. लोखंडी स्टँड भाड्यानं आणा नाहीतर शेजाऱ्याकडनं आणा, आणि पावसात ओल्या मातीवर हे काम काढूच नका, स्टँड रुततो. अजून एक गोष्ट, बरेच जण गाडी गिअरमध्ये आहे म्हणून निवांत असतात, पण एकदा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडनं मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा) सोडला की गिअरचा आणि चाकाचा संबंधच तुटला, मग गाडी फक्त हँडब्रेकवर आणि दगडावर. पुढची बाजू उचलणार तर मागच्या चाकांना दोन्हीकडनं ठोकळे मारा.

बॅटरीची अर्थ वायर काढा, कारण स्टार्टर सोडावा लागतो. शाफ्ट काढायच्या आधी डिफरन्शियलकडच्या (मागच्या चाकांमधल्या गोळ्याकडच्या) फ्लँजवर, म्हणजे बोल्टच्या जोडावर, दोन्ही तुकड्यांना मिळून पेंटची एक रेघ ओढा, बसवताना रेघ जुळली पाहिजे नाहीतर ६०च्या पुढं गाडी थरथरायला लागते आणि तुम्ही चाकं बॅलन्स करत फिरता. शाफ्ट पुढच्या टोकाला गिअरबॉक्समधनं ओढला की तिथनं ऑइल येतं, आधीच ऑइल काढून घ्या. मग क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या लाईटची वायर, गिअरचे रॉड. प्रत्येक नट बोल्ट परत आपल्याच भोकात हातानं दोन आटे लावून ठेवायचा, माझी खोड आहे ही, पण संध्याकाळी डब्यात उरलेला एक बोल्ट बघून रात्री झोप लागत नाही.

गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक हवाच, इंजिनखाली पण लाकूड ठेवून टेकू द्या, नाहीतर इंजिन मागं कलंडतं. गिअरबॉक्स छातीवर घ्यायचा पराक्रम करू नका, आणि तो अर्धवट बाहेर ओढून इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्सचा क्लचमध्ये घुसणारा दांडा) लोंबकळत ठेवू नका, प्लेट वाकते.

आत काळा भुगा असंल. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचा, फुंकर मारायची नाही, हवा मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्यायचं. जुनी प्लेट हातात घेऊन नीट बघा, रिव्हेटची डोकी लायनिंगच्या, म्हणजे वरच्या घासणाऱ्या थराच्या, बरोबरीला आलीत तर ती झिजूनच गेली. पण लायनिंग जाड आहे आणि वर तेलाची चकाकी आहे तर दोष प्लेटचा नाही, क्रँकच्या मागच्या सीलचा नाहीतर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा. ते तसंच ठेवून नवी प्लेट टाकली तर महिन्यात परत इथंच. एवढं सगळं उतरवलंय तर प्लेटसोबत प्रेशर प्लेट (प्लेटला दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलणारं) बदलून टाका, सीलही टाका. पैसे सामानाचे कमी आणि उतरवाउतरवीचे जास्त असतात, इथं चिक्कूपणा नको. फ्लायव्हीलवर (इंजिनच्या मागचं जड चाक, प्लेट त्यावरच घासते) निळे डाग, खोल चरे असतील तर बेळगावात उद्यमबागेत लेथवाल्याकडं फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट तासून, घ्या, बारीक तडा दिसला तर मात्र फ्लायव्हीलच बदला.

बसवताना प्लेटची बाजू बघा. स्प्रिंगचा फुगीर भाग सहसा गिअरबॉक्सकडं असतो, बऱ्याच प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेलीही असते. माझ्या जुन्या फियाटला एका गॅरेजमध्ये प्लेट उलटी बसवली होती, क्लच सुटतच नव्हता, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नव्हते, सगळं परत उतरवलं आणि मजुरी दुसऱ्यांदा माझ्याच खिशातनं.

खरी मेख मात्र सेंटरिंगची. प्रेशर प्लेट आवळायच्या आधी प्लेट बरोबर मध्ये पाहिजे. जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर खोऱ्याच्या दांड्याचा तुकडा घ्या, टोक फ्लायव्हीलच्या मधल्या बेअरिंगमध्ये घट्ट बसंल एवढं तासा आणि वर प्लेटच्या भोकाला टाईट होईपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. मी पहिल्यांदा नुसत्या नजरेनं लावली होती. दोन तास गिअरबॉक्स ढकलतोय, एक बोट जागा राहिलीय आणि आत जाईना, शेवटी बोल्टनं खेचून घ्यावं असा विचार आला. तसं कधीच करू नका, हाऊसिंग तडकतं. परत प्रेशर प्लेट ढिली केली, दांडका घातला, पाच मिनिटांत खट्कन बसला. बोल्ट आवळताना एक इकडचा एक समोरचा, थोडे थोडे. स्प्लाईनला (इनपुट शाफ्टवरच्या दात्यांना) ग्रीस नावापुरतं, जास्तीचं प्लेटवर उडतं.

ऑइल परत भरायला विसरू नका, केबलचा खेळ गाडीच्या पुस्तकाप्रमाणं ठेवा. पहिले ४००-५०० किलोमीटर नारळ जरा कमी भरा. आणि घाटात ट्रकमागं अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरता ना? तिथं हँडब्रेक ओढा.

प्रश्न (निपाणी): वडिलांची अँबॅसॅडर आहे, हायड्रॉलिक क्लचची. पेडल खाली जातंय आणि रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज. ओळखीचे म्हणतात क्लच प्लेट टाका. टाकू काय?

उत्तर: थांबा हो. तुमचा क्लच घसरत नाहीय, सुटत नाहीय, दोन्ही वेगळे आजार. आधी बॉनेट उघडून डबीतलं फ्लुइड बघा. कमी असंल तर गेलं कुठं ते शोधा, मास्टर सिलिंडरमधनं (पेडलकडचा पंप) आत पेडलवर ओघळलंय का, खाली स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सकडचा, क्लच ढकलणारा) रबर ओलं आहे का. सिलिंडरच्या रबरांचं किट बदलून पाइपातली हवा काढली की बहुतेक वेळा काम होतं, गिअरबॉक्सला हात लावायला नको. एकच सांगतो, स्लेव्ह सिलिंडर सोडून खाली लोंबत असताना कुणी पेडल दाबू नये, पिस्टन बाहेर उडतो. घरात लहान पोरं असतील तर गाडीचं दार लॉक करा.

प्रश्न (बेळगाव, कॉलेजचा विद्यार्थी): काका, क्लच दाबला की किर्रर्र आवाज येतो, सोडला की बंद. गाडी बाबांची ओम्नी.

उत्तर: रिलीज बेअरिंग बाळा. उलटं असतं, म्हणजे न्यूट्रलला सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग म्हटलं असतं. सिग्नलला क्लच दाबून उभा राहतोस काय? न्यूट्रल करत जा, आणि बाबांना आत्ताच सांगून टाक.