बारा हजारांत महिना निघतो, पण लगीनसराई?

प्रश्न : वय 41, अविवाहित. पुण्यात अकाउंट्सची नोकरी, सेवा साडेआठ वर्षे. पीएफ धरून 28 लाख जमा, कर्ज नाही. हिंगणघाटजवळच्या गावी आई, घर आणि 4 एकर कोरडवाहू. दोघांना महिना 12,000 पुरतील. नोकरी सोडून गावी मोकळं जगावं का?

उत्तर : जा. पण यंदा नको, आणि या 12 हजारांच्या भरवशावर तर नकोच.

आकडा खोटा नाही. भाडं नाही, तुरीची डाळ घरच्या वावरातली. पण गावात पैसा महिन्याच्या मापाने जात नाही, एकदम जातो. चुलत बहिणीचं लग्न, जळलेली मोटर, पावसाळ्याआधी बदलायची टिनं, आईला रात्री नागपूरला न्यायला गाडी. गेल्या 3 वर्षांत पुण्याहून असे जे पैसे पाठवलेत ते वहीत उतरवा, 36 ने भागा आणि 12 हजारांत मिळवा. सेवाग्राम तुमच्याच जिल्ह्यातलं. साधेपणाने राहणारे गांधीजीसुद्धा पै-पैचा हिशोब मागत.

वरचं काही न धरताही वर्षाला 1,44,000 लागतात, म्हणजे जमा रकमेच्या 5 टक्क्यांहून जास्त. महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांनी याच संसाराला 24,000 लागतील, तेव्हा तुम्ही 53 चे. गावातूनच दोन-चार दुकानदारांचं जीएसटीचं काम धरून महिना 6,000 कमावलेत, तर सुरुवातीला जमा रकमेतली वार्षिक उचल अडीच टक्क्यांच्या आसपास राहते. एवढं झेपेल. कापूस-सोयाबीनचा नफा मात्र शून्यच धरा. पिकलं तर आनंद. पहिली दोन वर्षं वावर बटईनेच राहू द्या.

दीड वर्ष थांबायचं कारण पेन्शन. पीएफसोबतच्या पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. रक्कम फार मोठी नसेल, पण जन्मभराची आहे.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जाईल. स्वतःची पॉलिसी आजच घ्या, कारण जुन्या आजारांसाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांना. आईच्या रोजच्या गोळ्या खिशातूनच.

आईला विचारलंत का? पत्रात तसं दिसलं नाही. आहेर 500 चा की 5,000 चा, हे घरात त्याच ठरवत असतील.