ज्युनिअर कॉलेजची बास्केटबॉल ऑफर, एजंटचे ६ लाख आणि तिसऱ्या वर्षाचा खर्च

प्रश्न (नाशिक): मुलगा १८ वर्षांचा, उंची सहा फूट पाच इंच, राज्य संघाकडून खेळलाय. बारावी कॉमर्स, गणित न घेता. अमेरिकेत कॅन्ससमधल्या दोन वर्षांच्या कॉलेजकडून (तिथे यालाच ज्युनिअर कॉलेज म्हणतात, आपली अकरावी-बारावी नव्हे) एनजेसीएए, म्हणजे अशा कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या, डिव्हिजन २ ची ऑफर आहे. खोली-मेसचे वर्षाला ९,००० डॉलर आम्ही भरायचे. एजंट ६ लाख मागतो आणि दोन वर्षांनी एनसीएए (चार वर्षांच्या कॉलेजांची क्रीडा संघटना) डिव्हिजन १ ची फुल स्कॉलरशिप नक्की म्हणतो. म्युच्युअल फंडात ३४ लाख आहेत, धाकटी मुलगी नववीत. फंड मोडू का?

उत्तर: या ऑफरवर मोडू नका. एजंटला तर काहीच देऊ नका. तिसऱ्या वर्षीची स्कॉलरशिप हिशेबात शून्य धरायची आणि तरीही जमत असेल तरच पाठवायचं. तुमचं आज जमत नाही.

ज्युनिअर कॉलेजांत डिव्हिजनवर सगळा पैसा ठरतो. एनजेसीएए डिव्हिजन १ चं कॉलेज शिक्षण-फी, पुस्तकं, राहणं, जेवण सगळं देऊ शकतं. डिव्हिजन २ मध्ये फी आणि पुस्तकांपर्यंतच. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. म्हणजे तुमची ऑफर 'फुल' नाही. खोली-मेस ९,०००, आरोग्य विमा अंदाजे १,८००, हातखर्च आणि सुट्ट्या ३,२०० असे १४,००० डॉलर. (नाताळात आणि उन्हाळ्यात हॉस्टेल-मेस बऱ्याच ठिकाणी बंद असतं. हा खर्च एजंटच्या कागदावर कधीच नसतो.) डॉलर ९० रुपये धरला तर १२.६ लाख, विमानाचे १.४ लाख, म्हणजे वर्षाला १४ लाख. व्हिसा फी १८५ आणि सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंदणी) ३५० डॉलर धरून दोन वर्षांचे साडेअठ्ठावीस लाख. डॉलर पाच रुपयांनी चढला की आणखी १.४ लाख. तसं झालं तर मुलीसाठी उरले चारेक लाख, आणि पदवी अजून अर्धीच.

आता 'नक्की' या शब्दाकडे वळू. एनसीएएला नववी ते बारावीत १६ कोअर (मुख्य) विषय लागतात, एका विषयाचं एक वर्ष म्हणजे एक, त्यात गणिताची तीन वर्षं. मुलाची नववी-दहावीची मिळून दोनच होतात. तेव्हा तो 'नॉन-क्वालिफायर', म्हणजे थेट प्रवेशाला अपात्र, ठरण्याची शक्यता मोठी आहे. तसं झालं तर वर्षभरात उडी मारून डिव्हिजन १ ला जाता येत नाही. ज्युनिअर कॉलेजची पदवी पूर्ण करावी लागते, २.५ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, पुढच्या कॉलेजात ट्रान्सफर होणारे ४८ क्रेडिट (कोर्स पूर्ण केल्यावर मिळणारी एककं) लागतात आणि त्यात इंग्रजीचे ६, गणिताचे ३, निसर्गविज्ञानाचे ३ असावे लागतात. मुलं अडकतात ती इथेच. सोपे कोर्स घेऊन जीपीए राखतात, आणि नंतर कळतं की त्यातले बरेच क्रेडिट पुढच्या विद्यापीठाच्या पदवीला लागूच होत नाहीत. पाचव्या सेमिस्टरला, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, खेळायचं तर पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण असावा लागतो.

शिवाय आता डिव्हिजन १ चे कोच पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) चार वर्षांच्या कॉलेजांत खेळलेले, २२-२३ वर्षांचे तयार खेळाडू उचलतात. ज्युनिअर कॉलेजमधून वर चढायच्या जागा त्यामुळे आक्रसल्या आहेत. जिमी बटलर टायलर ज्युनिअर कॉलेजमधून मार्केट (Marquette) विद्यापीठात आणि तिथून एनबीएत गेला हे खरं, पण त्यावर कोणी घराचं बजेट बांधत नाही. एनसीएए डिव्हिजन २ जास्त शक्य आहे, पण तिथे पूर्ण संघात मिळून दहा स्कॉलरशिप वाटून देतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला निम्मी माफी मिळाली तरी वर्षाला १५-२० हजार डॉलर घरचे धरा. एनआयएलची, म्हणजे खेळाडूच्या नावावर जाहिरातींतून होणारी, कमाई धरू नका. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर ती जवळपास बंदच आहे.

परतीचा रस्ताही महाग आहे. दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेऊन परतला तर इथे ती पदवी म्हणून चालत नाही.

मग माझं मत कशाने बदलेल? एनजेसीएए डिव्हिजन १ ची लेखी ऑफर आली तर. तेव्हा विमा, हातखर्च, विमान आणि खोली-मेसच्या रकमेवर कापला जाणारा १४ टक्के अमेरिकी कर (रिटर्नमध्ये काही परत येतो) धरून वर्षाला सातेक लाख, दोन वर्षांचे १४ ते १५. त्याआधी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरमध्ये मार्कशीट देऊन मुलाची नेमकी स्थिती काढून घ्या. एजंटचं मत त्याला पर्याय नाही. पूर्ण सामन्यांचे, न कापलेले दोन-तीन व्हिडिओ मुलाने थेट कोचना ई-मेल करायचे. कोच त्याचे पैसे घेत नाहीत.

लेटर ऑफ इंटेंट (कॉलेजचा लेखी स्कॉलरशिप करार) आलं की त्यावरची मुदत वाचा. ते १ ऑगस्ट ते ३१ जुलै, एकाच वर्षाचं असतं. दुसऱ्या वर्षाची तोंडी हमी म्हणजे हमी नाही. आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र) च्या पहिल्या पानावर कॉलेज किती देणार आणि तुम्ही किती भरणार, हे वेगवेगळ्या ओळींत छापलेलं असतं. कॉलेजच्या ओळीत फोनवर सांगितलेला आकडा दिसला नाही तर व्हिसाची फी भरू नका. विम्यात आंतरकॉलेज खेळातली दुखापत वगळली आहे का, तेही विचारा. साध्या विद्यार्थी-पॉलिसीत अनेकदा वगळलेली असते आणि गुडघ्याची एक शस्त्रक्रिया सगळा हिशेब उलटवते.

फंड काढायची वेळ आलीच तर एका वर्षाचेच काढून लिक्विड फंडात ठेवा, बाकीचे पुढच्या आर्थिक वर्षात. इक्विटी फंडावर १.२५ लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्याला १२.५ टक्के कर आहे, दोन वर्षांत विभागला की सूट दोनदा मिळते. परदेशी पाठवणी एका नावावर वर्षात १० लाखांवर गेली की बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो रिटर्नमध्ये जमा मिळतो, पण पैसे अडकतात. पत्नीचे स्वतःचे पैसे असतील तर काही रक्कम त्यांच्या खात्यातून पाठवा.